आठव्या जोडाचा फोटो

३ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

तुझा प्रोग्रॅम चालला. लहानपणी घरातली घड्याळं उघडून बिघडवलीस, त्यातलं एखादं तरी पाप फिटलं असं समज. फोनच केला असता, पण कारखान्यात फोन आत नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. आणि घरून केला तर तू मधेच बोलतोस, मग मी चिडते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

आमचा कागद कारखाना सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे. बॉयलरपासून कागद वाळवायच्या ड्रमपर्यंत वाफेची नवीन लाईन टाकली. बारा ठिकाणी पाइपाला पाइप वेल्डिंगने जोडलाय. बाहेरून जोड चांगला दिसला तरी आतून कसा आहे ते बघावं लागतं, आणि ते बघायची नोकरी माझी. एक्स-रेवाले तारीखच देईनात, म्हणून आमचा 'साप' बाहेर काढला. अंगठ्याएवढी जाड, लांबलचक वायर, टोकाला कॅमेरा आणि दिवा. पाइपात सोडायचा आणि हातातल्या छोट्या स्क्रीनवर बघायचं. त्या स्क्रीनवर बारीक काही दिसत नाही. म्हणून सापाची तार लॅपटॉपला जोडायची, प्रत्येक जोडापाशी थांबून कळ दाबायची आणि तो फोटो नंतर मोठा करून बघायचा. हे फोटो काढायचं काम तुझा प्रोग्रॅम करतो. फोटोवर जोडाचा आकडाही तोच टाकतो, त्यामुळे मला डोकं लावावं लागत नाही.

दोन बारीक तक्रारी आहेत. पहिला फोटो दर वेळी काळा येतो. तो मी काढून टाकते, मग प्रोग्रॅम परत एकपासून मोजतो. दुसरी म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या जोडाचे फोटो जुळ्या भावंडांसारखे दिसतात. असो.

आता खरी गोष्ट. आठव्या फोटोत तडा आहे. केसाएवढाच, पण तडाच. मी तो चार वेळा मोठा करून पाहिला. आणि सहा ते नऊ हे जोड तुझ्या दाजींच्या हातचे आहेत.

गार पाण्याने लाईन तपासून झालीये, एक थेंब गळला नाही. पण असा तडा गारठ्यात मिटलेला असतो, वाफ आत आली की उघडतो. १५ तारखेला सकाळी वाफ सोडायची आहे.

मला एवढंच सांग, तुझ्या प्रोग्रॅममध्ये काही गडबड असू शकते का? नवऱ्याविरुद्ध लेखी कागद करायचा आहे, खटपट्या. खरं ते सांग आणि लवकर सांग.

तुझी ताई

*

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग हसू आलं, मग परत वाईट वाटलं. बिचारे दाजी.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नाही. गडबड नाही. प्रोग्रॅमला कोण कुणाचा नवरा आहे हे माहीत नसतं. तू कळ दाबतेस, तो कॅमेऱ्याकडून फोटो मागून घेतो, त्यावर आकडा आणि वेळ टाकतो आणि ठेवून देतो. आकडा चुकत नाही, वेळ चुकत नाही. मी कितीतरी वेळा तपासलंय. इथे टेबलावर कॅमेरा लावून स्वतःचाच फोटो काढत बसायचो. इतके फोटो काढले की तुझी भावजय म्हणाली, तुम्हाला स्थळं बघायला निघायचंय का परत.

स्क्रीनवर सतत हलतं चित्र दाखवायचं मी मुद्दाम टाळलं, कारण तुझा लॅपटॉप म्हातारा आहे, तो मध्येच बसकण मारेल. म्हणून कळ दाबेपर्यंत प्रोग्रॅम गप्प असतो. काळ्या फोटोचं म्हणशील तर कॅमेऱ्याला जागं व्हायला वेळ लागत असेल. फेकून दे तो. आणि जुळे फोटो? पहिला आणि दुसरा जोड एकाच माणसाने केला असेल. एका हाताचं काम सारखंच दिसणार.

कागद कर. तुझ्या नोकरीत नवरा, भाऊ काही नसतं, हे तूच मला सांगायचीस. दाजी मोठ्या मनाचे आहेत, घेतील समजून.

तुझा
खटपट्या

*

९ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

केला कागद.

'दाजी मोठ्या मनाचे आहेत' हे वाक्य मी जपून ठेवलंय. मोठ्या मनाच्या माणसाला राग आला की तो आरडाओरडा करत नाही, तो बोलणंच बंद करतो. सकाळी डबा उचलतात, संध्याकाळी रिकामा डबा मोरीत ठेवतात. मधे एक शब्द नाही. काल मी विचारलं, "मीठ कमी पडलं का?" तर मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तेही कळलं नाही.

कागद मी मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला तेव्हा साहेबांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "घरात विचारलंत का?" म्हणाले. मी म्हटलं, घरात विचारून तडा जात नाही. त्यांना ते आवडलं. मला स्वतःलाही त्या वेळी आवडलं. आता आठवलं की लाज वाटते.

ह्यांना लाईनीवरून काढून वर्कशॉपात बसवलंय. वीस वर्षं ज्याला लोक उंचावरच्या जोडासाठी नाव घेऊन बोलवायचे तो माणूस आता जाळीचे तुकडे कापत बसलाय. मी तिथून गेले तर मुखवटा खाली ओढून घेतात. वेल्डिंग चालू नसतं तरी.

एकदाच बोलले. मी फोटो घरी आणून दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "तडा आहे. पण हा आठवा नाही. आठवा मी कसा भरलाय ते मला माहितीये." मी म्हटलं, आकडा आठ आहे. ते म्हणाले, "आकडा तुझ्या भावानं टाकलाय."

मी तुझी बाजू घेतली. लक्षात ठेव.

उद्या आठवा कापणार आहेत.

ताई

*

११ फेब्रुवारी

खटपट्या,

आठवा स्वच्छ निघाला.

काप काढून चार तुकडे केले, घासले, लाल रंग लावून पुसला. तडा असता तर रंग त्यात बसून रेघ उठली असती. काही नाही. सगळे वर्कशॉपात गोळा झाले होते. मी एकेक तुकडा हातात घेऊन उजेडात धरत होते आणि मनात म्हणत होते, दिस रे बाबा, दिस. आपल्याच नवऱ्याच्या कामात खोट निघावी म्हणून देवाला विनवणारी बाई तू कधी पाहिलीयेस? मी होते तशी, सगळ्यांसमोर.

साहेब मला ओरडले नाहीत. त्यांनी फक्त सापाची पेटी उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली. चांगला जोड कापला, नवीन बसवायला माणसं लावली, दोन दिवस गेले. बाहेर कुणीतरी म्हणालं, "घरातलं भांडण लाईनीवर काढलं बाईंनी." मला ऐकू जाईल अशा बेतानंच म्हणालं.

आणि हे? संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले आणि दोन कप चहा केला. एक माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "झालं ते झालं. तू तुझं काम केलंस." मला इतकं बरं वाटलं की मी कप तसाच धरून बसले. गेल्या आठवडाभरात पहिल्यांदा घरात आवाज होता. नवीन आठवा जोड ह्यांनीच भरला, साहेबांनी बोलावून नेलं.

इथेच थांबावं असं मला मनापासून वाटतंय. पण मला एक सांग. फोटोत तडा आहे. तो ह्यांनी पाहिला, साहेबांनी पाहिला, सगळ्यांना दिसला. आठव्यात नाही, तर मग तो आहे कुठे?

साहेब म्हणतात, कॅमेऱ्याच्या काचेवर केस अडकला असेल. केस अडकला असता तर पुढच्या चारही फोटोंत दिसला असता. नाहीये. फक्त आठव्यात आहे.

१५ तारीख बदललेली नाही. उत्तर दे.

ताई

*

१२ फेब्रुवारी

ताई,

मी प्रोग्रॅमची ओळ न् ओळ परत वाचली. फोटो ज्या वेळी घेतला तीच वेळ त्यावर आहे. आकडा क्रमाने वाढतोय. माझ्याकडून काही चुकलेलं नाही.

तुला वाईट वाटेल, पण सांगतो. तू त्या दिवशी घाईत असशील. एखाद्या जोडापाशी दोनदा कळ दाबली गेली असेल, किंवा आकडा बघताना तूच गोंधळली असशील. माणसाकडून होतं. दाजींनी माफ केलंय, साहेबांनी विषय मिटवलाय, तर तूही मिटव.

खटपट्या

*

१२ फेब्रुवारी, दुपार

आकडा मी टाकत नाही. तो तुझा प्रोग्रॅम टाकतो. आणि एका जागी दोनदा कळ दाबली असती तर बारा जोडांचे तेरा फोटो झाले असते. बाराच आहेत. मला मोजता येतं.

पहिल्या आणि दुसऱ्या जोडाचे फोटो सोबत पाठवतेय. तू म्हणालास एका हाताचं काम आहे. नाहीये. पहिला बॉयलरवाल्यांनी भरलाय आणि दुसरा आमच्या नवीन वेल्डरने, त्याचा हात अजून बसलेला नाही. दोघांचं काम शेजारी ठेवलं तर आंधळ्यालाही फरक कळेल. तरी फोटो सारखे का? डाव्या कडेला गंजाचा ठिपका बघ. दोन्हींत एकाच जागी आहे.

हे मला आधीच दिसायला हवं होतं. मी हसण्यावारी नेलं, तू त्याहून जास्त नेलंस. आता बघ जरा. अहंकार बाजूला ठेवून बघ.

*

१४ फेब्रुवारी

ताई,

फोन लावून लावून दमलो. तो गेटवर पडलाय हे माहीत असून लावत होतो. हे वाचलंस की आधी खाली 'सातवा' शब्द आहे तिथे जा, बाकीचं नंतर वाच.

आज सकाळी मी कॅमेरा परत टेबलावर लावला. तुझी भावजय ऑफिसला निघाली होती, तिला म्हटलं, जाता जाता एक मिनिट समोर उभी राहा. ती उभी राहिली, मी कळ दाबली. ती गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो, परत आलो, रिकाम्या खुर्चीसमोर कळ दाबली.

फोटोत ती होती. पर्स खांद्यावर घेऊन, माझ्याकडे बघत. घरात मी एकटा आणि फोटोत ती.

मग समजलं. कॅमेरा एक फोटो काढून जणू दारात ठेवतो आणि कुणी उचलेपर्यंत थांबतो. आपण कळ दाबली की प्रोग्रॅम तो दारातला उचलतो. तो उचलला रे उचलला की कॅमेरा लगेच पुढचा काढून ठेवतो. म्हणजे तुला मिळतो तो या क्षणाचा फोटो नसतो. मागच्या वेळी कळ दाबल्यावर लगेच काढून ठेवलेला असतो. शिळा. आणि त्याच्यावर माझा प्रोग्रॅम आत्ताची वेळ आणि आत्ताचा आकडा छापतो. सतत हलतं चित्र दाखवलं असतं तर दारात फोटो साचलाच नसता. तेच मी लॅपटॉपवर दया करून टाळलं होतं.

तुझा पहिला फोटो काळा यायचा कारण तो साप पेटीत असतानाचा होता. तो फेकून तू परत दाबायचीस तेव्हा पहिल्या जोडाचा यायचा, आणि दुसऱ्या जोडापाशी पुन्हा पहिलाच. तिथून पुढे सगळे एकेक घर मागे.

मी तपासताना नेहमी माझाच फोटो काढायचो. मघाचा मी आणि आत्ताचा मी, कुणाला फरक कळणार?

ताई, आठव्या फोटोतला तडा सातवा जोड आहे. सातवा. बाराव्याचा तर फोटोच आपल्याकडे नाही. उद्या वाफ सोडू देऊ नकोस.

चूक माझी आहे. पूर्णपणे माझी. दाजींनी सांगितलं होतं आणि तू सांगितलं होतंस, आणि मी दोघांनाही शहाणपण शिकवत बसलो.

खटपट्या

*

१४ फेब्रुवारी, दुपार

वाचलं.

सातवा कुठे आहे तुला माहीत नाही. कँटीनच्या दारावर आहे. दारातून लोक आत शिरतात तिथे बरोबर डोक्यावर. आठवा मोकळ्या आवारावर होता, म्हणून मला जरा तरी धीर होता. पाळी बदलताना त्या दाराशी अख्खी रांग असते.

साहेबांकडे जाऊन आले. तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आधी आठवा म्हणालात. आता सातवा. उद्या सहावा म्हणाल. मी किती पाइप कापू?" मी म्हटलं, नवीन फोटो तरी काढू द्या. म्हणाले, "ज्या यंत्राने एकदा खोटं सांगितलं त्याचाच फोटो परत?" आणि खरं सांगू, त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. बॉयलर पेटवायला घेतलाय. सकाळची पाळी आली की वाफ सोडणार.

साहेबांना पटेल असं काहीतरी पाठव. बोलून नाही, डोळ्यांनी दिसेल असं. चार ओळींत लिही, मला तुझी भाषा कळत नाही.

आणि ह्यांना सांगायचं आहे अजून. सातवाही ह्यांचाच. त्या दिवशी चहा करून देणाऱ्या माणसाला आता कुठल्या तोंडानं सांगू, की तुमचा आठवा धड होता पण सातवा नाही? मी पहिल्यांदा बोलले तेव्हा चुकीची ठरले. आता बरोबर आहे, तर ऐकणार कोण?

सांगणार आहे. घरी गेल्या गेल्या सांगणार आहे.

ताई

*

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ

ताई,

चार ओळी.

जुना प्रोग्रॅम पुसू नकोस. साहेबांच्या टेबलावर साप ठेव. एकाच्या तळहातावर पेनाने १ लिही, दुसऱ्याच्या २. पहिला हात कॅमेऱ्यापुढे धरून कळ दाब. तो हात बाजूला घे, दुसरा धर, परत दाब. हात दुसरा असेल आणि फोटोत पहिला येईल. साहेबांचा स्वतःचा हात घे, म्हणजे जादू केली असं म्हणणार नाहीत.

सोबत नवीन प्रोग्रॅम आहे. हा आधी दारातला शिळा फोटो फेकतो आणि मग ताजा मागतो. तरी त्याच्यावरही विश्वास ठेवू नकोस. प्रत्येक जोडाआधी साप पूर्ण बाहेर काढ, हातावर त्या जोडाचा आकडा लिहून कॅमेऱ्याला दाखव, फोटो घे, मग आत सोड आणि जोडाचा घे. वेळ लागेल. पण आकडा मग माझा नसेल, तुमच्या हातावरचा असेल.

दाजींना सांगितलंस का?

खटपट्या

*

१५ फेब्रुवारी

ताई,

दुपार झाली. तुझं पत्र नाही, फोन बंद. दाजींचाही बंद. कारखान्याच्या ऑफिसात फोन केला, तर कुणीतरी उचलला, "आत्ता नाही" म्हणाला आणि ठेवून दिला. मागे माणसं मोठ्याने बोलत होती. आनंदात की कशात, कळलं नाही.

मी कामावर गेलो नाही. तुझी भावजय म्हणते, काही वाईट झालं असतं तर आतापर्यंत कळलं असतं. तिला असं म्हणायचं असतं म्हणून ती म्हणते.

कँटीनच्या दाराशी कुणी उभं राहू नये, एवढंच मनात घोळतंय. बाकी लाईन जाऊ दे, नोकरी जाऊ दे. एक ओळ लिही. कशीही असली तरी लिही.

खटपट्या

*

१७ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुमची ताई दोन दिवसांनी आज नीट झोपली आहे, तिला उठवत नाही. तिनेच सांगितलं होतं की खटपट्याला कळवायचं राहिलंय. म्हणून मीच बसलोय.

आधी हे वाचून घ्या. वाफ सोडली नाही. सगळे ठीक आहेत.

आता क्रमाने सांगतो. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती चपला न काढताच म्हणाली, तडा सातव्यात आहे. मी काय बोललो ते लिहायला बरं वाटत नाही, पण तुम्ही तिचे भाऊ आहात. मी म्हणालो, "तुला माझा एक तरी जोड धड दिसतो का?" ती भांडली नाही. तुमची पत्रं माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसून राहिली. ती भांडली असती तर मी ती पत्रं वाचली नसती.

फोटो मी परत मागितला. आधी पाहिला होता तेव्हा मी तो आठवा म्हणून पाहिला होता, आणि आठवा तो नव्हता, एवढ्यावर माझं समाधान झालं होतं. मग कुठला आहे, हे मी स्वतःला विचारलंच नाही. आता सातवा म्हणून पाहिला. सातवा भरताना कँटीनच्या छपराचा पत्रा आड येत होता, मान वाकडी करून हात घालावा लागत होता. फोटोत वेल्डिंगचं भरण ज्या जागी वळलंय, ती माझ्या वाकड्या मानेची जागा आहे. आपलं काम आपल्याला ओळखू येतं. माझा तडा होता तो.

सकाळी आम्ही दोघं बरोबर गेलो. ती साहेबांच्या खोलीकडे गेली, मी वाफेच्या मुख्य व्हॉल्व्हच्या चाकापाशी गेलो आणि त्यावर हात ठेवून उभा राहिलो. बॉयलरवाला म्हणाला, बाजूला व्हा. मी म्हटलं, सातवा जोड माझा आहे आणि मीच सांगतोय की तो खराब आहे, साहेबांना इथे बोलाव. स्वतःच्या कामाला खराब म्हणणारा वेल्डर त्यानं पाहिला नव्हता बहुतेक. तो पळत गेला.

साहेब आले ते तापलेलेच. पण खोलीत चला म्हटल्यावर आले. तिने त्यांच्या कपाटातला साप मागून घेतला, टेबलावर ठेवला आणि लॅपटॉपला जोडला. साहेबांच्या तळहातावर एक लिहिला, माझ्या हातावर दोन. साहेबांनी हात धरला, तिने कळ दाबली. फोटोत नुसता टेबलावरचा पेनांचा डबा. साहेब म्हणाले, "हे काय?" ती म्हणाली, थांबा. साहेबांनी हात खिशात घातला. मी माझा धरला. तिने कळ दाबली आणि स्क्रीनवर साहेबांचा हात आला. एक आकडा, बोटातली अंगठी, सगळं. साहेबांनी खिशातून हात काढून बघितला. खरंच बघितला, मेहुणेबुवा, जागेवर आहे का म्हणून. त्यांनी फोन उचलला आणि बॉयलर विझवायला सांगितला.

तुमचा फोन आला होता तो तेव्हाच. माणसं ओरडत होती ती कँटीनचं दार बंद करायला सांगत होती.

नवीन प्रोग्रॅमने बाराही जोड पुन्हा पाहिले. तुम्ही लिहिलं होतं तसंच, दर वेळी साप बाहेर काढून. हातावर आकडा लिहायचं काम माझ्याकडे होतं. लिहून पुसून तळहात अजून निळा आहे. बाकी अकरा चांगले निघाले, बारावाही. सातव्यात तडा होता. कापल्यावर कळलं की तो फोटोत दिसला त्याहून खोल गेला होता. जाडीचा फार थोडा भाग धरून होता. तो तुकडा हातात घेऊन मी कँटीनच्या दाराकडे बघितलं. रोज दुपारी त्या दारातून मीही आत जातो.

साहेब म्हणाले, नवीन सातवा दुसरा कुणीतरी भरेल. मला ते मान्य होतं. तुमच्या ताईला नव्हतं. ती म्हणाली, "छपराचा पत्रा काढा आणि ह्यांनाच भरू द्या. तपासणार मी आहे." साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि परत कपाटात ठेवलेली सापाची पेटी काढून तिच्या हातात दिली.

तुम्ही स्वतःला फार बोल लावत असाल, असं ती म्हणते. लावा थोडा. मग पुरे करा. तुम्ही शोधून काढलंत आणि सरळ सांगितलंत. मला एवढं पुरतं. पुढच्या वेळी तपासताना मात्र स्वतःचं तोंड सोडून दुसऱ्या कुणाचं तरी घ्या.

एक गोष्ट तिला बोलून दाखवणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. पहिल्यांदा माझी चूक नव्हती, तरी मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. दुसऱ्यांदा चूक माझीच निघाली. काल मी नवीन सातवा भरला तेव्हा वर जागा अरुंद होती आणि शिडी हलत होती. मदतनीस होते दोघं. पण खाली बघितलं तर शिडी तिने धरली होती.

सोबत फोटो आहे. नवीन सातवा तपासायला साप आत सोडण्याआधीचा, तळहातावर ७ लिहिलेला. हात माझा आहे.

तुमचे दाजी